उलटीचं इंजेक्शन आणि वाकडी झालेली मान

पेणहून रोह्याला एसटीने जाताना उलटीची गोळी घेणारे आपल्यात कमी नाहीत. पण या गोळ्या सगळ्या एका घराण्यातल्या नव्हेत. गाडी लागते त्यावर चालते ती ॲव्होमिन. आज आपण बोलणार आहोत स्टेमेटिल, पेरिनॉर्म या दुसऱ्या घराण्याबद्दल. ही औषधं मेंदूतल्या डोपामिनची वाट अडवतात.

ही वाट सापडली त्यात आपल्या मुंबईचाही हात आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली रक्तदाबावर सर्पगंधेचा गुण येतो, हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. ते घेणारे काही रोगी कंपवाताच्या रोग्यासारखे ताठ, मंद होत. का? 1957 मध्ये स्वीडनच्या कार्लसन यांनी रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचलं आणि ससे पुन्हा हलू लागले. हालचालीला डोपामिन लागतं, हे तिथून उलगडत गेलं. (2000 चं नोबेल त्यांना यासाठीच.)

फ्रान्समध्ये 1964 च्या सुमारास मेटोक्लोप्रमाइड आलं. पेरिनॉर्म म्हणजे तेच. उलटी थांबते, पण औषध हालचालीच्या केंद्रातही शिरतं. एखाद्या तरुण मुलीला इंजेक्शननंतर काही तासांत, फार तर दोन दिवसांत, मान वळते, डोळे वर जातात, जबडा आवळतो. घरच्यांना ‘बाहेरचं लागलं’ असं वाटलं, तर आम्ही त्यांना हसणार नाही, दिसतंच तसं. जाणता डॉक्टर फेनरगनचं इंजेक्शन देतो आणि थोड्या वेळात मान सरळ! गंमत म्हणजे ॲव्होमिन आणि फेनरगन, दोन्हींतलं मूळ औषध एकच, प्रोमेथाझिन.

याला टिक म्हणायचं का? नाही. टिक क्षणभराची, पुन्हा पुन्हा येणारी, थोडा वेळ दाबून धरता येणारी. पण गोळी महिनोन्‌महिने चालली, तर ओठ चघळणं, डोळे मिचकावणं असं टिकसारखं काहीतरी जडू शकतं आणि औषध बंद केल्यावरही राहू शकतं. म्हणून अमेरिकेने 2009 मध्ये बारा आठवड्यांपुढे न देण्याचा कडक इशारा छापायला लावला. युरोपने 2013 मध्ये मर्यादा पाच दिवसांवर आणली.

उलट बाजूही आहे. 1958 मध्ये बेल्जियममध्ये तयार झालेलं हॅलोपेरिडॉल डोपामिनच अडवतं, आणि 1961 पासून टुरेटच्या रोग्यांच्या टिक त्यानेच शांत केल्या. अडवलेल्या जागा पुढे अतिसंवेदनशील होतात, असं स्पष्टीकरण देतात. आम्हाला ते अर्धंच वाटतं. नाहीतर औषध थांबवल्यावर वर्षानुवर्षं ती हालचाल का टिकावी?