बिल दिलं, पैसे कधी? छोट्या धंद्याची थकबाकी आणि मोबाइलवरून करता येणारे उपाय

आज ॲप किंवा फोनचा रिव्ह्यू नाही. घरात कोणाचा वर्कशॉप, प्रिंटिंग, शिलाई, मसाल्याचा किंवा दुरुस्तीचा धंदा असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा आणि घरच्यांनाही वाचून दाखवा.

माझं गाव पातूर, अकोला जिल्हा. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, बाबांचं गावात फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. खिडक्यांचे ग्रिल, गेट, लोखंडी बाकं असं काम. दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने 1 लाख 80 हजारांचे ग्रिल नेले आणि "पुढच्या महिन्यात देतो" म्हणाला. असे अकरा महिने गेले. इकडे अकोल्याचा लोखंडवाला आठ दिवसांपेक्षा जास्त उधारी ठेवत नाही, कारागिराला बाजाराच्या दिवशी पैसे लागतात आणि मशीनच्या कर्जाचा हप्ता तारखेला कापला जातो. मी विचारलं की बाबा म्हणायचे, "माणूस ओयखीचा हाय, पैसे कुठी पयून जाते?"

पैसे पळून गेले नाहीत, पण दुकान बंद पडायची वेळ आली. आपल्याकडे बरेच धंदे गिऱ्हाईक नसल्यामुळे अडत नाहीत. काम झालेलं असतं, नफाही असतो, पण हातात रोकड नसते. यावर कायदा आहे, पोर्टल आहे, आणि हे आम्हाला फार उशिरा कळलं.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारचा एमएसएमई विकास कायदा 2006 चा आहे. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर:

- लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, पण ही मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही.
- लेखी काहीच ठरलं नसेल तर 15 दिवसांत द्यायचे.
- माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी तक्रार केली नाही, तर माल पोचला त्या दिवशीच तो स्वीकारला असं धरतात.
- उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ.

समजा बँक रेट 6 टक्के आहे, म्हणजे व्याज 18 टक्के. 1 लाखाच्या बिलाला सहा महिने उशीर झाला तर व्याजच साधारण 9,300 रुपये होतं.

पहिली पायरी: उद्यम नोंदणी

ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल हाताशी ठेवा. ओटीपी येतो, कागद अपलोड करावे लागत नाहीत, आणि फी शून्य. गुगलवर सर्च केल्यावर वर दिसणाऱ्या काही साइट पैसे मागतात. त्या खाजगी एजंटच्या असतात. खऱ्या साइटचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' ने संपतो, तो बघूनच आधार नंबर टाका.

1 एप्रिल 2025 पासून मशीनरीतली गुंतवणूक 2.5 कोटी आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत असेल तर लघु. म्हणजे गावातले जवळपास सगळे कारखाने-वर्कशॉप यात बसतात.

आता दोन अडचणी नीट लक्षात घ्या. एक, नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी. नंतर नोंदणी करून जुन्या बिलाला हा फायदा मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या एका निकालात म्हटलं. दोन, फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना 2021 पासून उद्यममध्ये घेतलं, पण ते बँक कर्जाच्या सवलतीपुरतं. थकबाकीची ही तरतूद त्यांना लागू नाही.

दुसरी पायरी: तक्रार

30 ऑक्टोबर 2017 ला केंद्राने समाधान पोर्टल सुरू केलं. 2025 मध्ये ऑनलाइन तडजोडीसाठी ओडीआर पोर्टलही आलं. तक्रारीसाठी उद्यम नंबर, बिल, माल पोचल्याची सही असलेलं चलन आणि ऑर्डरचा पुरावा लागतो. प्रकरण राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातं. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद. कायद्यात 90 दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागू शकतात, तेवढी तयारी ठेवा. पण निकाल विरोधात गेला आणि खरेदीदाराला कोर्टात जायचं असेल, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. त्यामुळे नुसती टाळाटाळ त्याला परवडत नाही.

मोठी कंपनी गिऱ्हाईक असेल तर: ट्रेड्स

रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये याचे नियम काढले. तुमचं बिल प्लॅटफॉर्मवर चढतं, कंपनी ते मान्य करते, मग बँका आणि वित्तसंस्था त्यावर बोली लावतात. सगळ्यात कमी व्याज मागणाऱ्याला तुम्ही बिल देता, तो थोडी रक्कम कापून पैसे लगेच खात्यात टाकतो. पुढे कंपनीने पैसे बुडवले तरी तो तुमच्याकडे मागायला येत नाही. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना इथे नोंदणी सक्तीची आहे. मात्र कंपनीने बिल मान्य केलं नाही, तर गाडी तिथेच थांबते.

खरेदीदाराला धाक कशाचा?

आयकराचा. 2023-24 या आर्थिक वर्षापासून नियम असा: सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल वर सांगितलेल्या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च पैसे देईल त्या वर्षीच धरला जातो. म्हणजे मार्चअखेर थकवलं तर कर वाढतो. याची उलटी बाजूही आहे: "उद्यम नंबर बिलावर टाकू नका" असं सांगणारे खरेदीदार आम्हाला भेटलेत.

मोबाइलवर आजच करा

1. बिलावर उद्यम नंबर आणि पैसे देण्याची तारीख छापा.
2. ऑर्डर तोंडी आली तरी "अमुक माल, अमुक भाव, अमुक तारीख" हा व्हॉट्सॲप मेसेज पाठवा आणि "हो" म्हणवून घ्या.
3. माल उतरवला की चलनावर सही घ्या, लगेच फोटो काढून क्लाउडवर ठेवा.
4. प्रत्येक बिलाच्या 40 व्या दिवसाचा रिमाइंडर लावा.

आमचं काय झालं? बाबांची उद्यम नोंदणी नव्हती, चलनावर सही नव्हती, ऑर्डर फोनवर झालेली. शेवटी 1 लाख 40 हजारांवर मिटवलं. 40 हजार आणि एक कारागीर गेला. मी कंपनीत दुसऱ्यांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहीत होतो, आणि घरच्या बिलावर तारीखही नव्हती, हे मला जास्त लागलं.

आता दुकानात चलन बुक आहे. सही मागताना बाबा अजून संकोचतात, पण मागतात. ओळखीचा माणूसही सही करतो, बिघडत काही नाही. तुमच्या घरच्या धंद्याची नोंदणी झाली आहे का, आज संध्याकाळी विचारा.