बोर्डो: नदीकडे तोंड केलेले नगर

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस गारोन नदी समुद्राकडे जाताना चंद्रकोरीसारखे वळण घेते. या वळणाच्या डाव्या तीरावर बोर्डो वसले आहे आणि म्हणूनच त्याच्या बंदराला ‘चंद्राचे बंदर’ असे नाव पडले. महासागर येथून सुमारे शंभर किलोमीटर दूर असला, तरी भरतीचे पाणी नगरापर्यंत चढते. त्या पाण्याच्या आधाराने गलबते शतकानुशतके येथील धक्क्याला लागत आली. येणारा पाहुणा पाण्यावरून येई. त्यामुळे नगराने आपला दर्शनी भाग नदीकडे बांधला. बोर्डोच्या द्राक्षमद्याची कीर्ती जगभर पसरली, तिच्यात मळेवाल्यांइतकाच वाटा या पाहुण्यांचा आहे. त्यांनी काय पाहिले याबरोबरच नगराने त्यांना काय दाखवले, हाही इतिहासाचाच भाग होय.

रोमन काळात या नगराचे नाव बुर्दिगाला होते. भूगोलकार स्ट्रेबोला ते खाडीकाठची बाजारपेठ म्हणून माहीत होते. प्रथम येथे बाहेरचे मद्य विकले जाई. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात या दमट हवेत टिकणारी द्राक्षाची जात रुजली आणि नगराचे स्वतःचे मळे उभे राहिले. चौथ्या शतकात येथे जन्मलेला लॅटिन कवी ऑसोनियस याने साम्राज्यातील थोर नगरांवर रचना केली, तेव्हा आपल्या जन्मगावाला तिच्यात आवर्जून स्थान दिले. तो स्वतः मळ्यांचा धनी होता. विद्या, व्यापार आणि द्राक्षवेल यांची या नगरात पडलेली गाठ अशी प्राचीन आहे.

मद्याच्या व्यापाराला खरे बळ मिळाले ते एका विवाहामुळे. अ‍ॅक्विटेनची वारसदार एलेनॉर हिने ११५२ मध्ये हेन्री प्लँटॅजेनेट याच्याशी विवाह केला आणि दोनच वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे बोर्डो इंग्लंडच्या राजसत्तेखाली होते. दर वर्षी सुगीनंतर ताफेच्या ताफे नवे मद्य घेऊन उत्तरेकडे निघत. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी एखाद्या चांगल्या वर्षी सुमारे एक लाख मोठी पिंपे निर्यात होत. जहाजाची क्षमता ‘टना’त मोजण्याची रीत याच मोठ्या मद्यपिंपांच्या मोजणीतून आली. १४५३ मध्ये कास्तियोंच्या लढाईत इंग्रजांचा पराभव झाला आणि नगर फ्रान्सच्या राजाकडे गेले. नगरवासीयांना हा बदल मुक्तीसारखा वाटला नाही. त्यांची गिऱ्हाईके दुरावली होती. त्यांच्यावर वचक राहावा म्हणून नव्या सत्तेने नदीकाठी ‘शातो त्राँपेत’ हा किल्ला उभारला.

सतराव्या शतकात डच आले. त्यांच्या स्थापत्यविशारदांनी मेदोक प्रदेशातील दलदलीचे पाणी काढून जमीन मोकळी केली. पिंपात गंधकाची वात जाळून मद्य टिकवण्याची रीतही डच व्यापाऱ्यांमुळे रूढ झाली. नगराच्या तटाबाहेर, नदीच्या काठाने, शार्त्रों ही पेठ वाढली. तेथे डच, आयरिश, जर्मन आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. घराची दर्शनी बाजू अरुंद आणि मागे मात्र लांबच लांब वखार, अशी या पेठेची बांधणी होती. १६७७ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक हा ओ-ब्रियों येथील मळा पाहण्यास गेला. पांढरी वाळू आणि थोडी खडी, एवढेच त्याला तेथे दिसले. अशा जमिनीत काही उगवेल असेही त्याला वाटले नाही. शेजारचा मळा दिसायला तसाच, पण तेथील मद्य त्या तोडीचे नसल्याचे त्याला सांगण्यात आले. मद्याची चव मातीशी जोडणारा जो विचार पुढे बोर्डोच्या कीर्तीचा पाया ठरला, त्याची ही एक आरंभीची नोंद म्हणता येईल.

अठरावे शतक हा बोर्डोचा वैभवकाळ. १७३० ते १७५५ या काळात वास्तुशास्त्रज्ञ गाब्रिएल पिता-पुत्रांनी नदीकडे तोंड करून शाही चौक उभारला. आज तो ‘प्लास द ला बूर्स’ म्हणून ओळखला जातो. तूर्नी या राजप्रतिनिधीने मध्ययुगीन तटाच्या जागी प्रशस्त रस्ते आखले. १७८० मध्ये व्हिक्तोर लुई याने बांधलेले भव्य नाट्यगृह उघडले. १७८७ या एकाच वर्षी दोन चिकित्सक पाहुणे येथे येऊन गेले. मे महिन्यात अमेरिकेचा फ्रान्समधील वकील टॉमस जेफरसन आला. त्याने मार्गो, लातूर, ओ-ब्रियों आणि लाफित हे चार मळे पहिल्या प्रतीचे म्हणून नोंदवले. ऑगस्टमध्ये आलेला इंग्रज शेतीतज्ज्ञ आर्थर यंग नगराचा व्यापार आणि ऐश्वर्य पाहून थक्क झाला. लिव्हरपूल याच्यापुढे टिकत नाही, अशी कबुली त्याने दिली. धक्का मात्र त्याला आवडला नाही. चिखलाने माखलेला उतार आणि त्यावर चाललेली मालाची धांदल, यांत त्याला सौंदर्य दिसले नाही.

त्या चिखलातच नगराच्या वैभवाचा उलगडा होता. धक्क्यावरून मद्य आणि पीठ घेऊन गलबते कॅरिबियन बेटांकडे, विशेषतः सँ-दोमँगकडे, म्हणजे आजच्या हैतीकडे, जात आणि साखर, कॉफी व नीळ घेऊन परत येत. हा माल पुढे उत्तर युरोपात विकला जाई. बेटांवरील ऊस आणि कॉफी पिकवत ते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. काही गलबते तर आधी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात आणि तेथे माणसांच्या बदल्यात माल देत. त्या मालात हिंदुस्थानात विणलेले सुती कापडही असे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बोर्डोहून गुलामांच्या व्यापारासाठी सुमारे ५०० सफरी निघाल्या आणि १,२०,००० ते १,५०,००० माणसे समुद्रापार नेली गेली. नाँतच्या तुलनेत हा आकडा लहान आहे. परंतु गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यांशी बोर्डोचा जो थेट व्यापार होता, तो फार मोठा होता. नगरातील दारांच्या आणि खिडक्यांच्या कमानींवर दगडी मुखे कोरलेली आहेत. द्राक्षघोसांनी मढलेल्या बॅकसच्या मुखांबरोबर त्यांत आफ्रिकी चेहरेही आढळतात.

या विसंगतीची जाणीव त्या काळी कोणालाच नव्हती, असे मात्र नाही. बोर्डोच्या न्यायपीठाचा एकेकाळचा अध्यक्ष माँतेस्क्यू हा ला ब्रेदच्या आपल्या मळ्यातील मद्य इंग्लंडला विकत असे. कायद्यांच्या मर्माविषयीचा त्याचा ग्रंथ १७४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुलामगिरीच्या समर्थकांची त्याने उपरोधाने रेवडी उडवली आहे. तरीही सफरी वाढतच राहिल्या. १७९१ मध्ये सँ-दोमँगच्या गुलामांनी उठाव केला, १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाले आणि बोर्डोच्या वैभवाचा हा आधार कोसळला. फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी कायमची संपण्यास १८४८ साल उजाडावे लागले. त्या बेटावरील स्वातंत्र्ययुद्धाचा नेता तूसँ लूव्हर्त्यूर याचा मुलगा इझाक याने आयुष्याची अखेर बोर्डोतच केली. १८५४ मध्ये तो तेथे वारला.

पुढील वर्षीच, १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी, दलालांनी बाजारभावाच्या आधारे मेदोकच्या मद्यांची प्रतवारी लावली. पहिल्या श्रेणीत जेफरसनने नोंदवलेलीच चार नावे होती. १९७३ मध्ये मूतों-रोथशिल्डला बढती मिळाली, एवढा अपवाद सोडल्यास ती श्रेणी तशीच टिकून आहे. परंतु वेली टिकतील की नाही, हाच प्रश्न लवकर उभा राहिला. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या किडीने मुळे पोखरली. अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करणे हाच त्यावर उपाय ठरला. त्यापाठोपाठ केवडा रोग आला. १८८२ मध्ये बोर्डोचे वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांना सँ-ज्युलियें येथे रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार दिसल्या. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडलेला होता. प्रयोगांती १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. नाशिक किंवा सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराच्या तोंडी ‘बोर्डो मिश्रण’ हे शब्द असतात ते याच शोधामुळे. ज्या घरात तेथील मद्याचा थेंबही कधी आला नसेल, त्या घरातही या नगराचे नाव असे पोहोचले आहे.

विसाव्या शतकात बंदराचे काम नदीच्या मुखाकडे सरकले, वखारी ओस पडल्या आणि धुराने चुनखडीच्या इमारती काळवंडल्या. शतकाच्या अखेरच्या दशकात त्या धुऊन काढण्याचे काम सुरू झाले. २००७ मध्ये ‘चंद्राचे बंदर’ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि २०१६ मध्ये मद्याच्या संस्कृतीला वाहिलेले प्रचंड संग्रहालय उघडले. दगडावरची काजळी धुतली गेली, तशी स्मृतीवरची काजळीही हळूहळू निघू लागली. तूसँ लूव्हर्त्यूर याचा अर्धपुतळा २००५ मध्ये नदीच्या उजव्या तीरावर बसवण्यात आला. २००९ मध्ये अ‍ॅक्विटेन संग्रहालयात गुलामांच्या व्यापाराविषयी कायम दालने सुरू झाली.

२०१९ मध्ये धक्क्यावर मोदेस्त तेस्तास या स्त्रीचा पुतळा उभा राहिला. ती पूर्व आफ्रिकेतून पकडून नेलेली मुलगी होती. बोर्डोच्या दोघा भावांनी तिला विकत घेऊन सँ-दोमँगला नेले. पुढे ती मुक्त झाली आणि तिचा नातू हैतीचा राष्ट्राध्यक्ष झाला. आर्थर यंगला ज्या धक्क्यावर चिखल आणि धांदल यांपलीकडे काही दिसले नव्हते, त्याच धक्क्यावर ती आता उभी आहे. नदीकडून आलेल्या पाहुण्याला नगराची दगडी शोभा दिसते आणि त्या शोभेची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्यापैकी एकीचा चेहराही दिसतो.