जुन्या लॅपटॉपसाठी पहिलं लिनक्स कोणतं निवडावं?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. लॅपटॉप त्यानंतरही चालतो, पण मुदतवाढीसाठी नोंदणी केली नसेल तर सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. विंडोज ११ टाकावं तर त्याला टीपीएम २.० चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेला, अजून धडधाकट असलेला लॅपटॉप यात बसत नाही.

महाड तालुक्यातल्या शिवथरसारख्या डोंगरातल्या गावात नवा लॅपटॉप घेणं प्रत्येक घराला परवडत नाही. दुरुस्तीसाठीही तालुका गाठावा लागतो. अशा वेळी लिनक्स हा फुकट आणि कायदेशीर पर्याय आहे. प्रश्न एवढाच, की शेकडो प्रकारांतून कोणता घ्यायचा?

डिस्ट्रिब्युशन म्हणजे काय?

लिनक्स हा खरं तर फक्त गाभा, म्हणजे कर्नल. लिनस टॉरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये लिहिला. त्यावर डेस्कटॉप, ब्राउझर आणि इतर प्रोग्रॅम चढवून जे तयार पॅकेज मिळतं, त्याला डिस्ट्रिब्युशन किंवा 'डिस्ट्रो' म्हणतात. गाभा तोच, पण कोणासाठी बनवलंय त्यानुसार रूप बदलतं.

याचं उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाने भारतातला पहिला प्रयोग खैराट गावच्या प्राथमिक शाळेत केला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये रॅम होती अवघी २५६ एमबी. आत फेडोरा लिनक्स होतं, पण वर 'शुगर' नावाचा, लहान मुलांसाठी बनवलेला डेस्कटॉप. आधी वापरणारा आणि मशीन पाहायचं, मग लिनक्स ठरवायचं, हाच क्रम तुमच्यासाठीही योग्य आहे.

मग कोणतं घ्यायचं?

आधी लॅपटॉपची रॅम पाहा.

- २ ते ४ जीबी : लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. दिसायला साधी, पण हलकी. २ जीबीवर ब्राउझरच्या दोन-चार टॅबपुरतीच अपेक्षा ठेवा.
- ४ जीबी किंवा जास्त : लिनक्स मिंट सिनॅमन. खाली टास्कबार, डाव्या कोपऱ्यात मेन्यू. विंडोजची सवय असणाऱ्याला चटकन जमतं.
- ८ जीबी किंवा जास्त : उबुंटूही चालेल. त्याची मांडणी वेगळी आहे, पण अडचण आली तर उत्तर शोधायला सर्वात सोपं.

सी-डॅकने बनवलेलं 'बॉस' हे डेबियनवर आधारित भारतीय डिस्ट्रोही आहे आणि त्यात मराठीची सोय आहे. आर्च किंवा जेंटूसारखे प्रकार मात्र पहिल्याच प्रयत्नात नकोत.

आवृत्ती निवडताना 'एलटीएस' म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट असलेलीच घ्या. उबुंटू २४.०४ आणि त्यावर उभं असलेलं मिंट २२ यांना २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मोबाइल डेटावर नेट चालवणाऱ्याला दर सहा महिन्यांनी पूर्ण सिस्टिम बदलणं परवडत नाही.

मराठी टायपिंगचं काय?

युनिकोड मराठी नीट दिसते आणि सेटिंगमधून इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडता येतो. लिब्रेऑफिसमध्ये अर्ज, पत्रं, हिशेबाचे तक्ते होतात. मात्र श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फायली आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

टाकण्याआधी चालवून पाहा

विंडोज न पुसता लिनक्स पेनड्राइव्हवरून वापरून पाहता येतं.

१. जिथे नेट चांगलं आहे तिथे अधिकृत वेबसाइटवरून आयएसओ फाइल उतरवा. मिंटची फाइल साधारण ३ जीबीची असते.
२. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा बॅलेना एचर वापरून ती चढवा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं.
३. लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडा. कंपनीनुसार बटण बदलतं.
४. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर तपासा. वायफाय लागलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा.

सगळं चाललं तरच इन्स्टॉल करा. त्याआधी फोटो आणि कागदपत्रांची दुसरीकडे प्रत ठेवा. 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडला की मागे काही राहत नाही.

कोणी थांबावं?

ज्यांचं रोजचं काम टॅली, फोटोशॉप किंवा फक्त विंडोजवर चालणाऱ्या बोटांच्या ठशांच्या मशीनवर अवलंबून आहे, त्यांनी तो लॅपटॉप लिनक्सवर नेऊ नये. अभ्यास, व्हिडिओ, ईमेल, ऑनलाइन फॉर्म एवढंच काम असेल, तर मिंट पेनड्राइव्हवर घेऊन आठवडाभर वापरा. त्यावर तुमची कामं झाली, तर कपाटात पडलेला लॅपटॉप भंगारात द्यायची गरज नाही.