ड्रॅगन-चित्र, जपानी

काळ्या शाईने कागदावर वा रेशमी कापडावर रंगवलेले आणि टांगण्याच्या गुंडाळीत मढवलेले ड्रॅगनचे चित्र. ढगांसह ड्रॅगन दाखवणाऱ्या चित्राला जपानीत ‘उन्रियू-झु’, तर टांगायच्या गुंडाळीला ‘काकेमोनो’ किंवा ‘काकेजिकू’ म्हणतात.

पार्श्वभूमी : पूर्व आशियातील ड्रॅगन हा पाण्याचा व पावसाचा अधिपती मानला जातो. ही कल्पना जपानमध्ये चीनमधून आली. बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादांमुळे भारतीय नागराजही तिच्यात मिसळले; या नागराजांचे एक शिल्प अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याजवळ आहे. ड्रॅगन आगीपासून रक्षण करतो या समजुतीने झेन मठांतील प्रवचनगृहांच्या छतांवर तो रंगवला जाई. चित्रप्रकाराचे आदर्शही चिनीच होते. चेन रोंगचे नऊ ड्रॅगनांचे गुंडाळीचित्र (१२४४) प्रसिद्ध आहे. भिक्षू-चित्रकार मूछी याच्या ड्रॅगन व वाघाच्या जोडचित्रांचा जपानी चित्रकारांवर मोठा प्रभाव पडला. या जोडीत ड्रॅगन ढग आणतो, तर वाघ वारा.

तंत्र : काजळी व सरस यांपासून केलेली शाईची कांडी दगडी पाट्यावर पाण्यात उगाळतात. शाई फुटू नये म्हणून कागदाला वा रेशमाला आधी सरस-तुरटीचा हात देतात. ड्रॅगनचे अंग बरेचदा कोरेच राखले जाते. भोवती पातळ शाईचे थर देत ढग गडद केले, की ते उजळ होऊन पुढे येते. डोळे, शिंगे, मिशा व नखे गडद रेषांनी काढतात. नखे बहुधा तीन असतात. पूर्ण देह क्वचितच दिसतो. या चित्रांचे खरे सामर्थ्य झाकलेल्या भागात आहे.

प्रमुख चित्रे : काइहो यूशो (१५३३–१६१५) याने १५९९ मध्ये क्योतोच्या केन्निन-जी मठातील सरकत्या दारांवर ड्रॅगन रंगवले, आता ते गुंडाळीचित्रांच्या रूपात आहेत. सोगा शोहाकूचा १७६३ चा आठ फलकांचा प्रचंड ड्रॅगन बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. होकुसाईने १८४९ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, फुजी पर्वतावरून धुरासारखा वर चढणारा ड्रॅगन रेशमावर रंगवला. हे चित्र ओबुसे येथील होकुसाई संग्रहालयात आहे.

मढवणी व जतन : चित्रामागे गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने कागदाची अस्तरे लावतात, कडेने जरीचे वा साधे कापड जोडतात आणि तळाशी लाकडी दांडा बसवतात. काजळीची शाई सहसा फिकी पडत नाही. मात्र कागद व रेशीम तपकिरी होतात, आडव्या घड्या पडतात, दमटपणाने डाग उठतात. म्हणून चित्र थोडेच दिवस टांगून पुन्हा ‘किरी’ लाकडाच्या पेटीत ठेवण्याची रीत आहे.

पारख : कानो घराण्यासारख्या चित्रशाळांत गुरूंच्या कृतींच्या नकला हा शिक्षणाचाच भाग होता, त्यामुळे एकच रचना अनेक हातांची आढळते. नामवंतांच्या खोट्या सह्याही झाल्या. पेटीवरील लेख मूळ चित्राचाच असेल असे नाही. पेट्या बदलत, मढवणीही नव्याने होई. त्यामुळे काळ व कर्ता ठरवताना सही, शिक्का, कागद किंवा रेशीम आणि कुंचल्याची रेषा ही सारी एकत्र तपासावी लागतात. केवळ सही हा पुरावा ठरत नाही.