एक जुलैचा वायदा

गणेशपुरीत भीमेश्वराच्या देवळाशी गरम पाण्याचं कुंड आहे, त्यात उतरा. गंधकाचा वास नाकात शिरेल, पोटऱ्यांना चटका बसेल. नाक दाबा आणि डोकं बुडवा. वर याल तेव्हा १८६५ सालचा उन्हाळा लागत असेल. आश्रम नाही, लॉज नाही, गाड्यांचे हॉर्न नाहीत. भोवती रान आणि पलीकडे तानसा नदी. तुमच्या डोक्याला मुंडासं आहे, कमरेच्या कशात भात विकून आलेले रुपये आहेत. मुंबईत शेअरचा कागद विकत घेतला की आठ दिवसांत त्याचे दुप्पट होतात, असं बाजारात ऐकलंय. निघा.

भिवंडीपर्यंत पाय मोडतात. पुढे खाडी ओलांडून कल्याण गाठायचं आणि आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात घुसायचं. कोळशाची कणी डोळ्यात जाते, शेजारच्याचा घाम तुमच्या सदऱ्यात उतरतो. तुम्ही भाताचे भाव काढता, पण ऐकतंय कोण? अख्खा डबा शेअरबद्दल बोलतोय. गाद्या उसवून कापूस विकणाऱ्यांच्या गोष्टी रंगल्यात.

बोरीबंदरला पाऊल ठेवलंत की धूळ. किल्ल्याचा तट पाडायचं काम चाललंय. कापसाच्या गाठींनी लादलेले बैलगाडे कुलाब्याकडे सरकतायत, गाडीवान शिव्या देतायत, तंतू उडून घशात बसतायत. अमेरिकेत यादवी पेटल्यापासून लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झालाय, म्हणून खानदेश-वऱ्हाडच्या बोंडांना हा मान. परदेशातून आलेला पैसा शहरात मावत नाही. तुम्हाला मात्र तो पहिल्यांदा भेटतो खाणावळीत. ताटाचे पैसे ऐकून हातातला घास हातातच राहतो.

टाउन हॉलसमोर वडाची झाडं आहेत. सावली तिथे नावापुरती, कारण बुंध्यापासून रस्त्यापर्यंत माणसंच माणसं. पारशी पगड्या, भाटियांची लाल पागोटी, मारवाडी, बोहरी, आपले ब्राह्मण कारकून, अधूनमधून टोपीवाला साहेब. तपकिरीचा, पानाचा, घोड्याच्या लिदीचा वास एकत्र झालाय. एका दलालाकडे जवळून पाहा. आवाज पार बसलाय, बोटं शाईने निळी झालीत, वही छातीशी धरून तो उभ्याउभ्याच आकडे टाकतोय. आकडा लिहून पुरा व्हायच्या आत मागून कुणी वरचा भाव ओरडतं. तो खोडतो, पुन्हा लिहितो.

‘बॅकबे! बॅकबे!’ समुद्र हटवून जमीन काढणारी ही कंपनी. तिचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या घरात गेलाय. जमीन कुठे आहे, किती निघाली, हे विचारायला तुम्ही तोंड उघडता आणि लाजून मिटता. इथे ते कुणीच विचारत नाही. बडे दलाल प्रेमचंद रायचंद अमुक घेतायत, एवढं कानावर आलं की पुरे. त्या नावासरशी आवाज खाली येतो आणि भाव वर जातो.

तेवढ्यात खांद्यावर थाप पडते. ज्याला दरसाल भात घालता तो भिवंडीचा व्यापारी. ‘पाटील, तुम्ही इथं? घेतलात की नाही?’

एवढे पैसे कुठून आणणार, तुम्ही विचारता.

‘रोख कोण मागतंय? एक जुलैचा वायदा आहे. तेव्हा फक्त फरक घ्यायचा. माझी हमी.’

फरक द्यावाही लागू शकतो, हे तो बोलत नाही, आणि तुमच्याही मनात येत नाही. छाती धडधडते, तळवे ओले होतात. आपण तेवढे मागे राहिलो, अशी भीती पोटात गोळा होते. लोक याला लोभ म्हणून मोकळे होतात, मला ते पटत नाही. लोभी माणूस निदान हिशेब करतो. इथे माणूस शेजाऱ्याचं तोंड बघतो, शेजारी त्याचं बघतो, आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याला पक्की खबर आहे. ज्याच्या शब्दावर आजवर भात दिलात, त्याच्याच शब्दावर आज सही करता. यात मूर्खपणा कुठे आहे? विश्वास खरा होता. तो ज्यावर ठेवला, ते पोकळ होतं.

पाऊस सुरू व्हायच्या आतच अमेरिकेतली लढाई थांबल्याची खबर येते. कापूस कोसळतो. त्याच वडांखाली आता विकणारेच उभे आहेत. भाव कुणी ओरडत नाही, सगळे एकमेकांची नजर चुकवतात. १ जुलैला फरक द्यायचा दिवस उजाडतो आणि देणाऱ्यांकडे पैसेच नसतात. व्यापारी तुमच्याकडे हमीचे पैसे मागतो, त्याच्याकडे मागणारा दारात बसलाय. बॅकबेचा शेअर २,००० रुपयांच्याही खाली जातो. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० पर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. खुद्द प्रेमचंदही बुडाले आणि बँकही बुडाली.

तेजीत कामासाठी आलेले हजारो लोक पुढच्या काही वर्षांत शहर सोडून गेले. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती, १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली.