सहापैकी दोन

१९७७च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत सहा जागा होत्या. त्यातल्या दोन बायकांनी जिंकल्या. उत्तर मुंबईतून समाजवादी मृणाल गोरे, उत्तर-मध्य मुंबईतून मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर. म्हणजे बरोबर एक तृतीयांश, तेही आरक्षणाशिवाय. एक तृतीयांश जागांचा कायदा संसदेने केला २०२३ साली, आणि २०२४च्या निवडणुकीत तो लागूही नव्हता. त्या वेळी मुंबईतून निवडून आलेली बाई एकच, वर्षा गायकवाड.

मग १९७७ला असं काय घडलं होतं?

उत्तर म्हणून एक घोषणा सांगितली जाते: ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’ इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, मृणालताई जिंकल्या, घोषणा अमर झाली. ऐकायला झकास आहे, पण तिच्यामुळे सगळं श्रेय आणीबाणीविरोधी लाटेला जातं. लाट होतीच. पण या दोघी काही लाटेबरोबर वाहत आलेल्या नव्हत्या.

दोघीही १९६१ सालीच महापालिकेत निवडून आल्या होत्या. मृणालताईंनी गोरेगावच्या वस्त्यांमध्ये नळाच्या पाण्यासाठी इतकी भांडणं केली की ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनीच दिलं. मग १९७२चा दुष्काळ आला. तेल, साखर, रॉकेल, सगळंच महाग आणि दुर्मिळ. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणालताई आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्याताई, कम्युनिस्ट तारा रेड्डी, सगळ्या एका मंचावर. त्यांच्या पक्षातल्या पुरुषांना हे इतकं सहज जमलं असतं, असं मला वाटत नाही. कधी मोर्च्याच्या बाहेरही न पडलेल्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. रेशनच्या रांगेत पक्ष कोण विचारतो?

पुढे आणीबाणीत दोघींनी तुरुंगवास भोगला. त्यामुळे १९७७ला उमेदवारी मिळाली, तेव्हा मतदारांना त्यांची ओळख करून द्यावी लागली नाही. १९८०ला अहिल्याताईंच्याच मतदारसंघातून प्रमिलाताई निवडून आल्या. समितीतली तिसरी खासदार!

मृणालताई १९८५ला पुन्हा विधानसभेत गेल्या. तिथे त्यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक मांडलं. १९८८ साली महाराष्ट्राने तसा कायदा केला, देशात पहिल्यांदा. केंद्राला १९९४ उजाडलं.