देवगिरीचा वृंद, पॅरिसचे चार आवाज

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर असो वा पंढरीची वाट, भजनात एक जण चरण म्हणतो आणि बाकीचे तोच चरण त्याच चालीवर उचलतात. गळे अनेक, चाल मात्र एक. सामूहिक गायनाचा हा विचार तेराव्या शतकात देवगिरीला शास्त्र म्हणून लिहिला गेला.

ग्रंथ ‘संगीतरत्नाकर’, कर्ता शार्ङ्गदेव. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले. शार्ङ्गदेव स्वतः सिंघण यादवाच्या (सुमारे १२१० ते १२४७) दरबारी हिशेबखात्याचा प्रमुख होता. सात अध्यायांच्या या ग्रंथात २६४ रागांची गणना आहे. हिशेबनिसाची नजर लपत नाही! गाणाऱ्यांचीही तो मोजदाद करतो. उत्तम वृंदात मुख्य गायक ४, साथीचे गायक ८, गायिका १२, बासरीवादक ४ आणि मृदंगवादक ४. एकूण ३२ जण.

या वृंदाने करायचे काय? मुख्य गायकाच्या मागे जायचे, ताल-लय सांभाळायची, तिन्ही सप्तकांत फिरायचे, आवाजात आवाज मिसळायचा. यातला एक गुण फार मानवी आहे: गाताना एकाचे कुठे तुटले, तर दुसऱ्याने ते सावरून न्यायचे. बत्तीस जणांनी मिळून एकच स्वररेषा अखंड राखायची, हे इथले ध्येय.

याच सुमारास पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये उलट दिशेचा प्रयोग चालू होता. ११९८ मध्ये तिथल्या बिशपाने ठरावीक सणाला चार आवाजांतील गायनास संमती दिली. पेरोतँ या रचनाकाराच्या चतुःस्वर रचनांत एक आवाज मूळ धर्मगीताचा एकेक स्वर दीर्घकाळ धरून ठेवतो आणि वरचे तीन आवाज आपापल्या वेगळ्या चाली गातात. त्या रचना तेराव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये तयार झालेल्या एका हस्तलिखितात आहेत. ते आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक आवाजाच्या रेघा एकाखाली एक आखल्या आहेत. कोणता स्वर कोणत्या स्वराबरोबर वाजायचा, हे नजरेला दिसावे म्हणून.

यावरून ‘आपल्याकडे स्वरलेखन नव्हते, म्हणून बहुस्वर गायन झाले नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. तो टिकत नाही. शार्ङ्गदेव स्वर अक्षरांनी लिहितो. मंद्र स्वराच्या डोक्यावर टिंब आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ द्यावी, असा नियमही सांगतो. लेखन होते. एकाखाली एक चाली मांडण्याची गरज नव्हती, कारण चाल एकच होती.

अर्थात अशा खुणांना धोकाही मोठा. नक्कल करणाऱ्याकडून एक टिंब सुटले, की मंद्रातला स्वर थेट मध्य सप्तकात येतो! ग्रंथ तगला तो नकलांवर आणि टीकांवर. चौदाव्या शतकात सिंहभूपालाने आणि पंधराव्यात विजयनगरच्या आश्रयास असलेल्या कल्लिनाथाने टीका लिहिल्या. कल्लिनाथाच्या टीकेसह हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये छापला.

त्यात वर्णिलेले बहुतेक प्रबंध आज कोणी गात नाही. त्या यादीत ‘ओवी’ही आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ती गातात, अशी नोंद शार्ङ्गदेवाच्या शतकभर आधी, ११२९ च्या सुमारास, चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त झालेली होती.